यमुनाच्या नावापुढचा शेरा

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्या सरांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही समोर बसून माझं तोंड बघणार नाही म्हणून असेल.

मी शिक्षिका. सगळी नोकरी नाशकातल्या प्राथमिक शाळांत झाली. निवृत्तीनंतर घरात बसून किती मेथी निवडायची, म्हणून नाशिक रोडला आमच्या कॉलनीमागच्या समाजमंदिरात बायकांना लिहा-वाचायला शिकवायला लागले. एका छोट्या संस्थेचा वर्ग, दुपारी दोनचा. धुणीभांडी उरकून, बांधकामावरून तासभर सुटून बायका यायच्या — बऱ्याचशा सुरगाण्याकडच्या. मी फुकट शिकवत होते, हं! आणि हे ‘फुकट’ माझ्या डोक्यात किती चढलं होतं, ते आत्ताच सांगून टाकते. म्हणजे पुढचं कळेल.

यमुना त्यांतलीच एक. पस्तिशीची, काटक, हसरी. तिची मुलगी तिकडे आश्रमशाळेत. सुट्टीत आत्याकडे गेली की आत्याच्या फोनवरून आईला मेसेज लिहायची. घर भरलेलं, सगळ्यांदेखत बोलायला पोर लाजायची, म्हणून लिहायची. आणि यमुना ते वाचून कुणाकडून घ्यायची? कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून! मायलेकींचं बोलणं आणि मध्ये तो तेलाचे हात पुसत उभा. तिला एवढंच हवं होतं — लेकीचं लिहिलेलं आपलं आपल्याला वाचता यावं. बाकी तिला काही नको होतं.

मला ती आवडायची, खोटं नाही सांगत. तिला जवळचं दिसत नव्हतं, तर मीच तिला नेऊन डोळे तपासून आणले. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची, पण वाचायची. जोडाक्षरांपर्यंत पोचली होती — वर्गात सगळ्यांच्या पुढे होती ती. हे नीट लक्षात ठेवा.

मग सरांनी, म्हणजे संस्थेच्या आमच्या मुख्य सरांनी, एक नवीन काढलं. दर महिन्याला बायकांनाच विचारायचं — वर्ग कसा वाटतो, काय बदलू? लिहिता येत नाही ना, मग फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करा. त्या वेळी शिकवणारीनं बाहेर थांबायचं. सरांचा नियम कडक होता: बायकांचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे, शुद्ध करायचे नाहीत, फक्त नाव गाळायचं. शिकवणारीनंही आपला अभिप्राय लिहायचा, आणि दोन्ही समोर ठेवून वर्ग सुधारायचा. चांगलंच होतं की! सगळ्यांत जोरात मान मीच हलवली. चपलांजवळ उभी होते तेव्हा वाटत होतं, आत आपलं कौतुक चाललंय.

बैठकीत सरांनी वाचलं. “बाई भल्या हायत. पण लय घाई करत्यात. आमचं बोलणं सगळ्यांपुढं दुरुस्त करत्यात, मग बाया हसत्यात, मग मला तोंडच उघडाया नको वाटतं. मला कमळ-बदक नको. फोनातलं वाचाया शिकवा.”

नाव नव्हतं. नावाची गरज काय होती? फोनातलं वाचायचं वेड वर्गात एकीलाच होतं. आणि ते शब्द — ‘करत्यात’, ‘वाचाया’ — रोज मीच तर खोडत होते तिच्या तोंडातले.

अंगाची नुसती लाही लाही झाली. जिला हाताला धरून दवाखान्यात नेलं, तिनं केसानं गळा कापावा? माझ्या माघारी? मला का नाही सांगितलं — असं मी स्वतःलाच विचारत राहिले. आता कळतं, किती मूर्ख प्रश्न. तोंड उघडलं की दुरुस्त करणारीला कोण काय सांगेल? पण तेव्हा मला एकच दिसत होतं, माझा विश्वासघात झालाय. तिनं सांगितलेलं खोटं होतं का? नव्हतं. तेच तर जास्त झोंबलं.

सरांना मात्र ते बोलणं फार पटलं. फोनवर वाचायला-लिहायला शिकवणारा वेगळा गट काढायचं ठरलं. जागा थोड्या, त्यामुळे कुणाला घ्यायचं ते शिकवणारीच्या अभिप्रायावर. फॉर्म माझ्यासमोर आला. यमुनाच्या नावापुढे मी लिहिलं — माझ्या त्या सुंदर, वळणदार अक्षरात — “अक्षरओळख कच्ची. शिकण्याची ओढ दिसत नाही. या गटासाठी अद्याप योग्य नाही.”

सरांनी विचारलंसुद्धा, बाई, नक्की ना? मी म्हणाले, नक्की.

यादी वर्गात मीच वाचली. तिचं नाव कधी येतंय म्हणून ती पुढे सरकून बसली होती. संपली यादी. ती काही भांडली नाही. नुसती म्हणाली, “माझंच डोकं जड हाय, बाई.” आणि मी — मी म्हणाले, अजून नाही जमायचं तुला, होईल हळूहळू. बरं वाटलं मला तेव्हा. हो, बरं वाटलं! तिच्याच बोलण्यातून निघालेला गट शेजारच्या खोलीत बसायचा, आणि ती माझ्यासमोर कमळ-बदक गिरवायची. आठवडाभर आली. मग यायची बंद झाली.

पण हे एवढं असतं तर कदाचित तुम्हाला सांगितलंही नसतं.

पुढच्याच सुट्टीत, एका दुपारी ती माझ्या दारात. हातात फोन. दुकानात दाखवावंसं वाटेना म्हणाली, तुम्ही आपलं माणूस हायत. मी म्हणाले, अगं, तू वाच की थोडं. तिनं बोट ठेवलं, “आई” एवढं वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. “पुढचं नाय जमायचं मला. तुम्हीच तर सांगितलं.”

मी चष्मा लावला. पहिली ओळ अशी होती: “आई, हे तू एकटीनं वाच, कुणाकडून वाचून घेऊ नको. आता तुला वाचता येतं ना.” त्याखाली पोरीनं लिहिलं होतं की तिला पहिल्यांदा पाळी आलीये, पोट दुखतंय, आत्याला सांगायची लाज वाटते, तू ये.

मी त्याखालून सुरुवात केली. पहिली ओळ गाळली. बाकीचं मोठ्यानं वाचलं. यमुनाचे डोळे भरले, तिनं पदर तोंडाला लावला. मग फोन परत घेतला, पडद्यावर वरच्या बाजूला बोट ठेवलं आणि विचारलं, हितं वर पण लिवलंय ना काही?

मी म्हणाले, तुला हाक मारलीय फक्त.