बंडूची मान आणि कोचचा घोटा

बंडूची मान अडकली होती. समोर कॉलेज फुटबॉलचे कोच हाताची घडी घालून बसलेले, माझा बॉस रिक लॅपटॉपवर वाकलेला, आणि स्क्रीनवरचा आकडा काही केल्या झीरोवर येईना.

बंडू म्हणजे आमच्या लॅबमधला डमी. मी अमेरिकेत, मिशिगनमध्ये ट्रॉयला गाड्यांच्या सेफ्टीचं काम करायचो. गाडी भिंतीवर आपटली की आतल्या माणसाचं काय होतं, हे जिवंत माणूस बसवून बघता येत नाही. म्हणून रबर आणि लोखंडाचा माणूस बसवतात. मानेवर किती दाब आला ते त्याच्या मानेतला सेन्सर सांगतो. लॅबमध्ये त्याला नुसता नंबर होता. बंडू हे नाव माझ्या आईनं ठेवलं, आणि सगळा घोटाळाही तिथेच झाला.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आम्ही गाडीवाले फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये शिरलो ते डेनीसमुळे. डेनीस एका छोट्या कॉलेजच्या टीमची ट्रेनर. इथे ट्रेनर म्हणजे व्यायाम करून घेणारी नव्हे. पोरगं मैदानात पडलं की सगळ्यात आधी धावते ती. आदल्या सीझनला तिचा एक खेळाडू डोकं खाली घालून समोरच्याच्या अंगावर गेला, पडला आणि हलेचना. पाय हलव म्हटलं तर त्याला पायच सापडेनात. अँब्युलन्स येईपर्यंत हळूहळू बोटं हलली, पुढे तो चांगला बराही झाला. डेनीस मात्र त्यातून बाहेर आली नव्हती.

"मला पुन्हा तसं धावायचं नाहीये," ती आमच्या लॅबमध्ये म्हणाली, आणि तिला रडू आलं. रिकनं बजेट न विचारता हो म्हणून टाकलं.

तिचं म्हणणं साधं होतं. हेल्मेटच्या शेंड्यानं धडक मारायची नाही, असा नियम होताच. पण रेफरीनं फ्लॅग टाकायचा, म्हणजे पिवळा रुमाल फेकून फाऊल द्यायचा, तर पोरानं ते मुद्दाम केलं असं त्याला वाटायला हवं. आता पोराच्या मनात शिरून कोण बघणार? म्हणून रुमाल खिशातच राहायचा. 'मुद्दाम' ही अट काढा, एवढंच प्रपोजल. त्या दिवशी आसपासच्या कॉलेजांचे कोच त्यावर मत देणार होते. ते हो म्हणाले तर प्रपोजल वरच्या कमिटीकडे जाणार, नाही म्हणाले तर तिथेच खलास.

यातलं विज्ञान कुणालाही कळेल असं आहे. डोकं वर असलं की मान वाकते आणि धक्का पचवते. डोकं खाली घातलं की मान सरळ होते आणि सगळा भार मणक्यांवर उभा येतो. शेवग्याची शेंग उभी धरून दोन्ही टोकांनी दाबा, मधेच मोडेल. हेल्मेट कवटी वाचवतं, मान नाही. बंडूला डोक्यावर आपटून आम्ही हेच दाखवणार होतो.

कॉलेज लांब, निघायचं पहाटे, म्हणून आदल्या संध्याकाळी मी बंडूला घरी आणलं. कमरेपासून वरचा भागच होता. आई तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आलेली. "अर्धाच आहे गं बिचारा," असं माझ्या बायकोला सांगून तिनं त्याचं बारसं करून टाकलं. सकाळी गाडीत ठेवताना पाहिलं तर बंडूच्या कपाळावर कुंकू. प्रवासाला निघालेल्या माणसाला आमच्या घरातून तसाच कसा जाऊ देतील? दही काही देता आलं नाही, मेला तोंडच उघडत नाही, अशी तिची तक्रार होती. मी हसत हसत कुंकू पुसलं आणि निघालो.

आणि आता हा आकडा. मानेवर काही दाब नसताना तो झीरोच दिसायला हवा. रिकनं केबल बदलली, सेन्सर बदलला. बंडूचं डोकं थोडं झुकायचं आणि कटकन अडायचं. मान खोलायची तर हत्यारं लॅबमध्ये. चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा, असं म्हणून रिकनं लॅपटॉप बंद केला. डेनीसचा चेहरा उतरला.

कोचमधला सगळ्यात आडदांड होता हँक. त्याला तर आयतंच मिळालं. अशानं खेळाचं भरीत होईल, पोरं नाचायला लागतील, असं बरंच बोलून तो म्हणाला, "टॅकल करताना डोकं आधी जाणारच. बिनडोक्याची टॅकल कुणी दाखवा मला, मग बोलू."

टॅकल म्हणजे धावणाऱ्याला धरून पाडणं. आता हे मला कुणी सांगावं? सांगलीच्या शाळेत मी कबड्डीत कोपरारक्षक होतो. कोपऱ्यात दबा धरून चढाईवाल्याचा घोटा पकडणं हे आमचं काम. मला नेमकं काय झालं माहीत नाही, पण मी कोट काढला, टाय काढला, बूट काढले. रिक म्हणाला, "मिलिंद, काय करतोयस?" मी म्हटलं, डेमो.

शेजारीच जिम होती, कुस्तीच्या मॅट अंथरलेल्या. नियम सांगितले. मधे रेघ. पलीकडे यायचं, कबड्डी कबड्डी म्हणायचं, श्वास तुटू द्यायचा नाही, आम्हाला शिवून परत पळायचं. हँक हसत हसत आला. माझं पोट बघून त्यानं मला मोजलंच नाही. तो मला शिवून वळला आणि मी त्याचा घोटा धरला. मागून रिक आणि एक कोच धावून आले, त्यांनी कंबर धरली. हँक असा आदळला की जिमचे दिवे हलले असं मला आजही वाटतं.

क्षणभर मला वाटलं, गेली नोकरी. पण हँक उताणा पडून खदाखदा हसत होता. उठला आणि म्हणाला, पुन्हा.

मग कसली मीटिंग आणि कसलं काय. पिकल्या केसांचे कोच मोज्यांवर खेळायला लागले. एकाची पँट उसवली. एक जण श्वास तुटला तरी तोंड हलवत राहिला, त्यावरून भांडण झालं. आमचा गंभीर रिक तर चढाईला जाताना मांडीवर थाप मारायला लागला, ते त्याला कुणी शिकवलंही नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की गुडघा दुखतोय हे घरी जाईपर्यंत कळलं नाही.

सगळे धापा टाकत बसले तेव्हा डेनीसनं विचारलं, "हँक, तू इतक्या जणांना पाडलंस. एकदाही डोकं का नाही घातलंस?"

"वेडी आहेस का? मान मोडेल माझी."

बोलून गेला आणि स्वतःची मान चोळायला लागला. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "हेल्मेट असतं तर घातलं असतं."

आता बंडूच्या आकड्याची गरजच उरली नव्हती. मतं घेतली. हँकचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला.

दुसऱ्या दिवशी रिकनं मान खोलली आणि सांध्यात अडकलेलं काहीतरी चिमट्यानं बाहेर काढलं. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा. कुंकू लावलंय म्हणजे डोक्यावर अक्षता पडल्याच असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रिकला सांगितलं की ही आईनं दिलेली सेफ जर्नी. तो दाण्याकडे बघत राहिला, म्हणाला, "पोचला तर होता सेफच."

पुढे वरच्या कमिटीत बरीच चर्चा होऊन 'मुद्दाम' ही अट निघाली. आमच्यामुळे निघाली असं मी म्हणणार नाही, असे आवाज देशभरातून गेले होते. नवा सीझन सुरू झाला आणि पहिल्या मॅचनंतर डेनीसचा फोन आला. तिच्या टीमचा एक पोरगा डोकं खाली घालून निघालेला, ऐन वेळी त्यानं मान वर केली आणि खांद्यानं पाडलं. "आज मी फक्त पाणी द्यायला धावले," ती म्हणाली.

आमच्या लॅबमध्येही तेव्हापासून एक नियम आहे. डमीवर धान्य पडता कामा नये. मुद्दाम टाकलं की प्रेमानं, ते कुणी विचारत नाही.