भावजींचा डावा हात

वास आला तेव्हा माझी लेक पिंकी कडेवर होती आणि माझा हात अजून बटणावरच होता. आधी आत कुठेतरी टच्च झालं, मग तो जळका वास, आणि कीबोर्डच्या मागच्या जाळीतून उदबत्तीचा निघतो तेवढा धूर निघाला. मी पिन ओढली. पदराने वारा घातला, असल्या वस्तूला वारा घालून काय होणार, पण घातला. कीबोर्ड खिडकीजवळच्या खाटेवर ओढला, खिडकी उघडली. पिंकी रडायची थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती. दुपारचे चार वाजले होते. सहाला भावजींना बोरीवलीला स्टेजवर बसायचं होतं, एका सोसायटीच्या पूजेचा कार्यक्रम, ऑर्केस्ट्रातला त्यांचा पहिलाच. आणि त्यांचा कीबोर्ड मी जाळला होता.

त्याला तीन वर्षं झाली. वसंतभावजी, माझे धाकटे दीर, मागच्या महिन्यात काविळीने गेले. वीस दिवसांत धडधाकट माणूस गेलं. पेपरच्या या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांवर लिहितात ते मी नेहमी वाचते. सगळे चांगलं चांगलं लिहितात. मला पण भावजींचं चांगलंच लिहायचंय, पण ते लिहायला बसलं की मध्ये माझं वाईट येतं, ते बाजूला करून पुढे जाताच येत नाही. मी सातवीपर्यंत शिकले, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लग्न होऊन जोगेश्वरीच्या खोलीत आले तेव्हा हे आणि भावजी दोघं गिरणीत होते, आणि भावजी गुरुवारी भजनात पेटी वाजवायचे. मग गिरणी बंद पडली. हे दुसरीकडे लागले, भावजींना काही मिळेना. पेटी घेऊन ते एका ऑर्केस्ट्राच्या मास्तरांकडे गेले, तर मास्तर म्हणाले, "वसंता, हात झकास आहे रे तुझा, पण पेटी आता कोण ऐकतं? कीबोर्ड आण, आणलास की बस." त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. किती पट्ट्यांचा घ्यायचा, स्पीकर आतला हवा की नको. घरी वाजवायला आतला हवाच, नाहीतर रोज ऐकणार कसं, आणि स्टेजवर वायर लावून आवाज बाहेर पण काढता आला पाहिजे. दोन्ही कामं एकाच वस्तूत, कारण वस्तू एकच येणार होती. पुन्हा पुन्हा घ्यायला आम्ही कोण.

घाटकोपरला एक जण राहत्या घरातूनच फॉरेनच्या वस्तू विकायचा. तिकडे जाताना भावजींनी मला नेलं. हे हसले, "तिला काय कळतंय त्यातलं?" भावजी बोलले, "दादा, पेटीतला एक सूर जरी उतरला तरी चुलीपुढून ओरडते ती. तुझ्या कानांत काय, कापूस." मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी... एरवी कोणी मला काही विचारायचं नाही.

तिथे दोन कीबोर्ड होते. एक छोटा, आपल्या लाइटवर चालणारा, हलका. भावजींनी त्याच्यावर वीत टाकली. पेटीवर सा पासून वरच्या सा पर्यंत त्यांची बरोब्बर वीत बसायची, याच्यावर वीत दोन पट्ट्या पुढे गेली. "बोटं अडकतात यात." दुसरा मोठा, त्याच्यावर वीत नेमकी बसली. तो उचलून खांद्यावर घेतला आणि जिन्याने खाली जाऊन परत वर आले. तो माणूस म्हणाला, "अहो, कीबोर्ड घेताय की तांदळाची गोणी?" भावजी म्हणाले, "प्रोग्रामला तुम्ही येणार काय उचलायला?" मग मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, दोन्ही वाजवले आणि विचारलं, "सांग गो वहिनी, कुठचा?" मी म्हटलं, दुसरा. पहिला खेळण्यासारखा वाटतो. तो दुसरा म्हणजे मोठा. माझ्या शब्दावर घेतला.

त्याच्याबरोबर एक बॉक्स होता, विटेएवढा, जड. विकणाऱ्याने माझ्या देखत सांगितलं की हा कीबोर्ड तिकडच्या कमी लाइटवर चालतो, बोर्ड आणि कीबोर्ड यांच्यामध्ये बॉक्स लावायचाच, डायरेक्ट लावला की गेला. मी ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. कीबोर्डची चपटी पिन बॉक्समध्ये सैल बसायची, स्टेजवर मध्येच निघू नये म्हणून भावजींनी ती काढून आपल्याकडची गोल पिन बसवून घेतली. चपटी असती तर आमच्या बोर्डात गेलीच नसती. पण बसवली ती त्यांनी चांगल्यासाठी, आणि खुपसली मी.

दोन महिने ते घरी बसले त्याच्यावर. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, ती सवय जाता जाईना. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हवेत, पुढे मागे, पुढे मागे, नसलेला भाता मारत. मी हसायचे. "भावजी, वारा कोणाला घालताय?" ते म्हणायचे, "तुलाच घालतोय, चुलीपुढे बसून घामाघूम होतेस ना." पिंकी वर्षाची होती, दात येत होते, दिवसभर किरकिर. कीबोर्डात तयार ठेके होते, त्यातला एक लावला की मात्र ती गप्प व्हायची.

त्या दुपारी ती बाराला जी रडायला लागली ती थांबेचना. भावजी दाढी करायला आणि शर्ट इस्त्रीला द्यायला बाहेर गेले होते. बॉक्स त्यांनी पिशवीत भरून पिशवीचं तोंड सुतळीने बांधून ठेवलं होतं. एका हाताने ती गाठ सुटेना. मला वाटलं एक मिनिट डायरेक्ट लावते, एका मिनिटाने काय होतंय.

ते आले. मी चहा टाकला. त्यांनी फडक्याने कीबोर्ड पुसला आणि थांबले. "गरम कसा लागतोय गो?" मी स्टोव्हकडे बघत होते. त्यांनीच खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "ऊन लागलं वाटतं. वहिनी, वाळत घालायला हे पापड नाहीत हां." आणि हसले. मी पण हसले. आमचा जुना रेडिओ गरम झाला की बंद पडायचा आणि गार झाला की आपोआप लागायचा, याचं पण तसंच होईल असं मी मनात धरून बसले होते. बोरीवलीला पोचेपर्यंत होईल गार, देवा होऊ दे.

चपला घालताना ते म्हणाले, "पेटी पण घेऊ काय सोबत? पहिलाच प्रोग्राम."

मी म्हटलं, "कशाला उगाच ओझं? हसतील लोक."

इथेच माझं पाऊल घसरलं. कीबोर्ड जळला ती चूक होती, हे मात्र चुकून झालं नाही. घ्या म्हटलं असतं तर त्यांनी का विचारलं असतं, मग सांगावं लागलं असतं. ते ओरडले नसते, हे पण मला माहीत होतं.

ऑर्केस्ट्राच्या टेम्पोतून मला आणि पिंकीलाही नेलं, पुढच्या खुर्चीवर बसवलं. भावजींनी बॉक्स लावला, वायर लावली, बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही. पिन काढली, फुंकली, परत लावली. मास्तर वाकून काहीतरी बोलले, ते भावजींनी मला नंतर सांगितलं, "बसून राहा आणि बोटं फिरव. लोकांना काय कळतंय?" अकॉर्डियनवाल्याने सगळं ओढून नेलं आणि माझे भावजी दोन तास मुक्या कीबोर्डवर बोटं फिरवत बसले. नवीन शर्ट, मान खाली. मधून मधून त्यांचा डावा हात पट्ट्यांवरून सुटायचा आणि भाता मारायला लागायचा. मागून पोरं ओरडली, "ए काका, माशा मारतो काय?" पिंकी बोट दाखवून हसत होती. प्रत्येक गाण्याला लोक टाळ्या वाजवायचे, मी पण वाजवल्या. न वाजवून कसं चाललं असतं.

सकाळी हे चहाला बसले तेव्हा भावजी म्हणाले, "दादा, माझ्याच हातून झालं. काल चेक करायला घाईत डायरेक्ट लावला." हे भडकले. "अक्कल काय पेटीत ठेवलीस? एवढी वस्तू. वाट लावलीस ना." मी दूध गाळत होते. भावजींनी माझ्याकडे बघितलं नाही, एकदा पण नाही, तेव्हा मला समजलं की यांना कळलंय. आमच्या त्या खिडकीत ऊन फक्त सकाळी येतं. दुपारी चारला तिथे सावली असते. ऊन लागलं म्हणाले तेव्हा लक्षात आलं नसेल, स्टेजवर दोन तास बसून आलं असेल. सगळं ऐकूनही मी गाळणं धुवून जागेवर ठेवलं.

रिपेअरवाला म्हणाला, आतलं सगळं गेलंय, सामान इथे मिळत नाही. मास्तरांनी दुसरा मुलगा घेतला. भावजी अंधेरीला एका कंपनीत पॅकिंगला लागले, गुरुवारी परत भजनात पेटी. या गोष्टीवरून हे त्यांना सारखे टोमणे मारायचे, पाहुण्यांसमोर पण. "आमच्या कलाकाराला विचारा, पिन कशी लावतात." भावजी हसून घ्यायचे. मी पोळ्या वाढायचे.

हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा ठरवून गेले होते. डोळे पिवळे झालेले त्यांचे. मी म्हटलं, "भावजी, त्या पूजेच्या दिवशी..." ते म्हणाले, "पिंकीला सांग, वाजवताना अंगठा आत दुमडू नको. सवय लागते." मग डोळे मिटले. मी अजून थोडं थांबू शकले असते. पण वेळ संपली असं नर्स म्हणाली आणि मला ते बरंच वाटलं... ती लाज मी कुठे ठेवू?

कीबोर्ड अजून खाटेखाली आहे. पिंकी चार वर्षांची झाली. रोज दुपारी तो बाहेर ओढते आणि त्याच्यावर खेळते, आवाज नाही, नुसती पट्ट्यांची टकटक, गाणं ती तोंडाने म्हणते. काका जसे बसायचे तशीच मांडी घालते. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हवेत, पुढे मागे, पुढे मागे. तिला वाटतं असंच वाजवतात. काल ते बघून हे म्हणाले, "येडी आहे पोरगी, काकावर गेली. तो पण असाच, एक धड काम नाही जमलं त्याला." मग मी हा कागद घेतला. हे पुरवणी वाचत नाहीत, तरी कोणीतरी दाखवेलच, आणि दाखवावी म्हणूनच लिहिलंय. समोर उभं राहून बोलायची हिंमत मला अजून पण नाही.

दारात चपला घालता घालता ते म्हणाले होते, पेटी पण घेऊ काय सोबत... तुम्ही काय म्हटलं असतं?