तिनं वाचून दाखवलेलं कॉमिक

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कॉमिक वाचणं. दुपारी जेवण झाल्यावर ती पडवीत भिंतीला टेकून बसली आणि मी तिच्या खांद्यावरून चित्रं बघत होतो. तिसऱ्या दिवशी तिला पेणच्या दवाखान्यात नेलं. ती घरी आली नाही.

सत्तरी ओलांडलेला माणूस कॉमिक बघतो याचं हसू येत असेल तर हसा. मुलगी लहान असताना तिच्यासाठी स्टँडवरून आणायचो. मुखवटा घातलेला एक वीर, इमारतींवरून उड्या मारणारा. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन रोह्याजवळ वरशाला गेली, वीर मात्र आमच्याकडेच राहिला. मी चौथीत शाळा सोडली. अक्षरं लावत बसलो की गोष्ट हातातून जाते. बायको सातवी शिकलेली. ती वाचायची, मी बघायचो. घरात आलेला प्रत्येक कागद तीच वाचायची. लाइटचं बिल, लग्नाची पत्रिका, डॉक्टरचा कागद, सगळं.

त्या दुपारी मी म्हटलं, "हा तो नाय गो."

"कोण नाय?"

"हा वीर. खांदे बघ, मनगट बघ. हा बाप्याच नाय."

जोह्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं मी गणपतीचे डोळे आखतोय. मूर्ती कुणाच्या हातची आहे ते लांबून सांगतो. मला चित्र कोण शिकवणार?

"चित्रं काढणारा बदलला असंल," ती म्हणाली. "तुमच्याकडं नाय का, कारागीर बदलला की देवाचं तोंड बदलतं?"

"तोंड बदलतं. देवाची बाई होत नाय."

ती इतकी हसली की खोकला लागला. मग पाणी पिऊन तिनं वाचलं, "जखम भरली. मी परत आलो."

मला पटलं नाही. जखम कधी झाली? मधला एक अंक निघालाच नाही, असं तिनंच सांगितलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर तिच्या साड्यांची पेटी उघडली. मुलीला द्यायच्या होत्या. तळाशी तो न निघालेला अंक होता. चष्मा लावला, बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेलो. दुपारची संध्याकाळ झाली. पूल कोसळला होता आणि वीर त्याच्याखाली मेला होता. शेवटच्या पानावर चिताच होती. मग नंतरचा अंक काढला. तिनं वाचलं होतं त्या जागी छापलं होतं, "तो गेला. आता मी आहे." मुखवट्याच्या आत त्याची बायको होती.

इतकी वर्षं पोसलेला माणूस छापणाऱ्यांनी मारला. खप उतरला असेल, म्हणून मारला, दुसरं काय! पण तो राग पाच मिनिटांचा. मग दुसरंच काहीतरी डोक्यात शिरलं आणि हलेना. हे तिनं मला वाचून दाखवलं नाही, तर आणखी काय काय वाचलं नाही?

गणपतीच्या आधी ती डॉक्टरच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा मी बाकड्यावर बसलो होतो. कागद इंग्रजीत. तिनं उघडला, बघितला आणि म्हणाली, "रक्त कमी हाय. गोळ्या खायच्या." तिला इंग्रजी कितपत येतं, हे मी उभ्या जन्मात विचारलं नव्हतं. तेव्हापासून मुलगी आठवड्याला यायला लागली. एरवी सणाला यायची. मी घरात शिरलो की दोघींचं बोलणं तुटायचं आणि एकदम भाजीवर यायचं. मला वाटलं, जावयाचं काही लफडं असेल. कंपनीतला माणूस, शिफ्टच्या नावाखाली कुठं जातो काय माहीत! विनाकारण त्याच्याकडं वाकड्या नजरेनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची दवाखान्याची फाइल पिशवीत घातली. पहिल्या गाडीनं पेण, तिथून रोहा, पुढं वरशाला रिक्षा. मुलगी भाकऱ्या थापत होती.

"अवो बाबा, फोन तरी करायचा!"

"फोन केला असता तर तुला गोष्ट रचायला वेळ मिळाला असता." फाइल ओट्यावर ठेवली. "वाच. लिहिलंय तसंच."

तिनं तवा उतरवला, हात धुतले. फाइल उघडली नाही. म्हणाली, "मला पाठ हाय."

"आईला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुमच्याकडं बाकड्यावर आली, तेव्हा डॉक्टरनं सांगून झालेलं. मला शपथ घातली. म्हणाली, तुझा बापूस चार महिने आधीपासून रडत बसंल, मला ते बघायचं नाय."

त्या गणपतीला मी कारखान्यातून रोज उशिरा यायचो. ती एकदाही कुरकुरली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मी बरं वाटून घेतलं होतं.

मी पाटावर बसलो. म्हटलं, "पाठ नको. कागदावरून वाच."

ती मराठीत करून सांगायला लागली. मी प्रत्येक शब्दाला थांबवलं, याचा अर्थ काय, हे कुठं दुखतं, हे दुखताना माणूस भात शिजवू शकतो का. ती रडत होती, मी विचारत होतो. बारा वाजले तरी आम्ही पहिल्याच पानावर होतो.