शेवटासाठी राखून ठेवलेले आभार

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या या माणसाला सगळे मौनीबाबा म्हणत. पंचेचाळिशी उलटली, मिशा पिकल्या, पगार वेळेवर येत होता. नव्हतं ते फक्त तोंड. गिऱ्हाइकाने ‘नंबर बरोबर बसेल ना?’ असं विचारलं की हा मान हलवायचा. ती मान होकाराची की नकाराची, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

घरी थोरली बहीण. आईबाप लवकर गेले तेव्हा ताईने बस स्थानकावरची स्वच्छतागृहं धुवायचं काम धरलं आणि त्यावर याला वाढवला, शिकवला, कामाला लावला. तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. ती अजून त्याच कामावर जात होती. याला आयुष्यात एकच गोष्ट करायची होती: ताईचे आभार मानायचे होते. घरी ते जमेना. जेवायला बसलं की तोंडात घास जायचा, शब्द काही बाहेर यायचा नाही.

म्हणून त्याने भाषणकलेचा वर्ग लावला. लोक तिथे पुढारी व्हायला येतात, विमा विकायला येतात. हा बहिणीला चार शब्द सांगायला आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

वर्गाची एक रीत होती. शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलवायचं आणि त्यांच्यासमोर पाच मिनिटं बोलायचं. घंटा वाजली की जिथे असाल तिथे थांबून खाली उतरायचं. वाक्य अर्धं तर अर्धं. ‘घड्याळ न पाळणारा वक्ता म्हणजे जाता जात नाही असा पाहुणा,’ असं सर म्हणत आणि स्वतः तासभर बोलत.

मौनीबाबाने आधी आराखडा आणला तो असा: ताईचे उपकार, ताईचे कष्ट, ताईचा त्याग. सरांनी तो बाजूला सारला.

“हे ऐकून लोक जांभया देतील. तिच्याबद्दल असं सांगा, जे कुणालाच सांगितलं नाहीत.”

त्याने आराखड्याची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, “तिच्या हाताला फिनेलचा वास येतो. लहानपणी ती भरवायची, तेव्हा मी घास थुंकायचो.”

सरांनी टेबलावर थाप मारली. “हीच सुरुवात! वर वास, मधे कष्ट, आणि शेवटी तिला मंचावर बोलवून तोच हात कपाळाला लावायचा. आभार शेवटी. हुकमाचं पान आधी टाकायचं नसतं.”

कागदाच्या पट्ट्या कापून त्यांवर त्याने मुद्दे लिहिले आणि काचा घासण्याच्या यंत्रासमोर भाषण घोकलं. यंत्राच्या घरघरीत त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं, म्हणून हिंमत झाली. घरी एवढंच बोलला, “ताई, ये. तुझ्यावरच आहे.”

ताईने पाळी बदलून घेतली. कामावरच्या झाडून सगळ्या बायकांना सांगितलं की भाऊ माझ्यावर भाषण करतोय. ठेवणीतले कपडे घातले, लिंबू चोळून हात धुतले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

पहिलं वाक्य पडलं आणि सभागृह हसलं. या माणसाला जन्मात कुणी हसून दाद दिली नव्हती. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने नाक धरून दाखवलं, घास गालात कसा लपवायचा ते करून दाखवलं, मित्र ताईला काय म्हणून चिडवायचे तेही सांगितलं. पट्टीवर यातलं काही नव्हतं. इतकी वर्षं न उघडलेलं तोंड आता मिटेना. ताईही आधी हसली, सगळे हसत होते म्हणून. मग तिने हात मांडीवरच्या पिशवीखाली घेतले.

घंटा वाजली.

हातात पहिलीच पट्टी होती. ‘थांबा’ म्हणाला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? पण सरांनी बोट वर केलं आणि जन्मभर मान हलवत आलेल्या या शहाण्याने तिथेही मान हलवली. खाली उतरला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पहिल्या नंबराचा चषक त्यालाच मिळाला. मला विचाराल तर तो चषक त्याच्याच टाळक्यात घालायला हवा होता.

घरी जाताना रस्त्याच्या वळणावर तो थांबला. “ताई, पुढे होतं. मुख्य ते... शेवटी होतं.”

“मग सांग ना.”

उरलेल्या पट्ट्या हातात, समोर ताई, रस्ता रिकामा. जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. ताईने वाट पाहिली. बरीच पाहिली.

“राहू दे,” ती म्हणाली. “घंटा झाली ना तुझी. पण वासाचं आधी सांगायचंस रे. एवढी वर्षं मी तुला हातानेच वाढत आले.”

मालकाला चषकाचं कळलं आणि त्याने मौनीबाबाला पुढे गल्ल्याजवळ बसवलं. आता तो गिऱ्हाइकांशी घडाघडा बोलतो, हसवतो. चषक घरी फळीवर आहे. ताई तो रोज पुसते, पण फडक्याने धरून. भात डावाने वाढते, भाजी पळीने, आणि ताट त्याच्याकडे सरकवून लांब जाऊन बसते.

“मीठ बरोबर आहे ना?” ती तिथून विचारते.

तो मान हलवतो.