हुंकारासाठी सोडलेली जागा

जऊळक्याच्या स्टेशनवर छोटी गाडी थांबते न थांबते तोच सुटते, त्यामुळे तिथं धड रडायला कोणालाच वेळ मिळत नाही. अख्खी वस्ती आली होती. आमच्या बौद्धवाड्यातून विलायतेला निघालेली मी पहिलीच. सगळ्यांना जयभीम घालता घालताच शिट्टी झाली. बानं माझी पत्र्याची पेटी आत ढकलली, मागोमाग मला ढकललं आणि खिडकीशी येऊन एवढंच म्हणाला, "टायमावर जेवत जाजो वं माय." मी म्हटलं, "येते बा." गाडी अकोल्याच्या दिशेनं हलली.

आमचं वावर रुळाला लागून. तिथं माझा मोठा भाऊ, देवमनदादा, पिकातलं तण काढायला बैलांमागे डवरा हाणत होता. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले, हात हलवला, हाक मारली. त्यानं मान वर केली नाही. बैलांनी केली.

आदल्या संध्याकाळी तेवढा बोलला होता, आणि तेही वाकडंच. आपल्याकडे निघणाऱ्यानं 'जाते' म्हणायचं नसतं, 'येते' म्हणायचं. मी घरभर "येते, येते" करत फिरत होते, तर हा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "येते काहून म्हनून राह्यली? जाते म्हन ना सीदं." आमची माय आम्ही लहान असतानाच गेली. वावराला बा एकटा पुरत नव्हता, म्हणून दादाची शाळा सुटली. माझी सुटली नाही. मी अकोल्याला नर्सिंग केलं आणि आता लीड्सच्या एका दवाखान्याचा तीन वर्षांचा करार हातात होता. मग परत येऊन वाशीमला नोकरी धरीन, असं मी बाला सांगितलं होतं. बाचा त्यावर विश्वास होता. दादाचा नव्हता.

जऊळक्यात राहिलेल्यांना वाटायचं, शांताची चैन आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना ठाऊक आहे कसली चैन. नर्सेस होममधली शेगडी नाणं टाकल्याशिवाय पेटायची नाही, आणि नाणं संपलं की भाजी उकळायच्या आत विझायची. मला एका जागी बसवतच नसे. ड्युटी सुटली की मी बसनं शेवटच्या स्टॉपपर्यंत जायची आणि त्याच बसनं परत यायची. कंडक्टरनं एकदा विचारलं, काही हरवलंय का? मी म्हटलं, नाही, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं आणि खालच्या टीव्हीच्या खोलीत दर सोमवारी संध्याकाळी एक मालिका लागायला लागली. आकाशातल्या एका जुलमी सरकारनं काळ्या पाण्यावर धाडलेले कैदी, त्यांना वाटेत सापडलेलं बेवारस जहाज, आणि मग नुसतं पळणं. जहाज पुठ्ठ्याचं, आमच्याकडच्या दंडारीच्या खेळातल्या राजाच्या मुकुटाइतकंच खरं. पण त्यातली माणसं बघून मी चक्रावले. आजवरच्या गोष्टींत चांगला कोण ते पहिल्या फटक्यात कळायचं. इथं पुढारी होता तो न्यायाच्या गोष्टी बोलायचा आणि त्याच्या न्यायापायी भलतेच लोक मरायचे. दुसरा एक होता, अट्टल चोर, डोक्यानं तल्लख, तोंडानं कडू. दर आठवड्याला म्हणायचा, मी चाललो, तुमचं तुम्ही बघा. माझ्या शेजारच्या खोलीतली आयरिश नर्स ब्रिजेट म्हणाली, "इंग्रजांविरुद्ध बंड करणारा चांगला का वाईट, यावर आमच्या घरी जेवताना ताटं आपटतात." मला ते ताबडतोब कळलं. पळणाऱ्यांची ती गोष्ट मला सोडवेना.

बाला वाचता येत नव्हतं. म्हणून सुटीवर निघालेल्या एका अकोल्याच्या नर्सबरोबर मी त्याला कॅसेटचा टेपरेकॉर्डर धाडला, तसलाच एक माझ्याकडे ठेवला. पण 'मी बरी आहे, तुम्ही बरे असाल' हे किती वेळ चालणार? उरलेल्या कॅसेटवर मी त्या जहाजाची गोष्ट सांगायला लागले. आणि सांगता सांगता अडले. आमच्या घरात हुंकाराशिवाय गोष्ट होत नाही. लहानपणी बा गोष्ट सांगायचा तेव्हा आम्ही दोघांनी आळीपाळीनं "हं" म्हणायचं, हा नेम. एखादा चुकला की बा तिथंच थांबायचा. "हुंकार नाई देल्ला त गोठ रस्ता भुलते," म्हणायचा. तेव्हा मीही दर दोन-चार वाक्यांनी थांबायचे, बाच्या "हं"पुरती जागा सोडायचे आणि मग पुढे जायचे.

कॅसेट परत आली. तीच. बाचा समज असा की रिकामी जागा सोडली आहे ती त्यानं भरून धाडायची. प्रत्येक जागी लाल बटन दाबून "हं" भरलेलं, मागे कोंबडं ओरडतंय. कुठं कुठं बटन सोडायला उशीर झालेला, तिथं माझी पुढची वाक्यं पुसलेली. जहाज एका ग्रहाजवळ पोचतंय, बाचं "हं", कोंबडं, आणि एकदम सगळे जखमी! ब्रिजेटला मी समजावून सांगितलं तर ती पोट धरधरून हसली. मीही हसले, आणि मग खोलीत जाऊन ती कॅसेट पुन्हा लावली. परक्या मुलखात कोणीतरी मला "हं" म्हणत होतं.

हळूहळू बा "हं"च्या पुढे जाऊन मतं द्यायला लागला. एकदा म्हणाला, "त्या वाकड्या तोंडाच्याले मारू नको बरं शांते. थो कामाचा मानूस हाये." पुढच्या कॅसेटवर तर निकालच दिला. "तुह्या मोठा मानूस गोड बोलते अन् निंगून जाते. वाकडा रोज म्हनते जातो जातो, पन जात नाई. जहाज त्याच्यानंच चालून राह्यलं."

आमच्या घरी रोज कोण म्हणायचं, हे वावर इकून मुंबईले जातो म्हणून? दादाच ना! मला काय कळत नव्हतं? संताप आला. विहीर कोणाच्या पगारावर खणली? वस्तीतल्या पोरी कोणाकडे बघून शाळेत जायला लागल्या? पण बानं तिकडे जऊळक्याच्या ओट्यावर बसून आम्हा दोघांना तराजूत घातलं होतं, आणि माझं पारडं वर गेलं होतं. त्या आठवड्यात मी रोज शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले.

पुढे मालिकेतला पुढारी खरंच जहाज सोडून गेला, आणि जहाज वाकड्याच्या हाती आलं. नेमका तेव्हाच माझा करार संपत आला. मला कायमची जागा मिळत होती आणि मला ती हवी होती, साफ सांगते. तिथं माझा रंग बघून नाक मुरडणारे होते, पण माझ्या हातचं पाणी नको म्हणणारं कोणी नव्हतं. मी कॅसेटवर आधी पुढाऱ्याची गोष्ट सांगितली. मग म्हटलं, "बा, मी आता सुटीपुरतीच येणार. इथंच राहणार." आणि जागा सोडली, नेहमीपेक्षा मोठी.

ती कॅसेट परत यायला फार दिवस लागले. गोष्टीत सगळीकडे बाचं "हं" होतं. त्या जागी नव्हतं. बटन मात्र दाबलेलं होतं. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, लांबून कोणाची तरी हाक, आणि मग रेकॉर्डरच्या अगदी जवळ एक खोकला. बाचा नव्हे, दादाचा. तेव्हा डोक्यात उजेड पडला. बाला त्या यंत्राची बटनं तरी कुठून कळणार? बटन पहिल्यापासून दादाच दाबत होता. माझ्याशी न बोलणारा माझा भाऊ प्रत्येक कॅसेट ऐकत होता, आणि माझी वाक्यं पुसत होता तोही तोच.

मी सुटीवर निघायच्या आधी मालिकेचा शेवट झाला. खूप काळानं पुढारी आणि वाकडा समोरासमोर येतात. दोघांच्याही मनात संशय, की दुसऱ्यानं आपल्याला विकलं. वाकडा विचारतो, पुढारी उत्तर द्यायला पुढे येतो, आणि वाकडा गोळी घालतो. ब्रिजेट रडली. मला रडू आलं नाही, मला भीती वाटली.

घर कुठं, असं इथं मला अजून विचारतात. बा आता नाही. लीड्समध्ये माझी मुलं वाढली, इथल्या दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. पण तो प्रश्न आला की मला ना ओटा आठवतो, ना लीड्सची खोली. जऊळक्याच्या स्टेशनपासून वस्तीपर्यंतचा रस्ता आठवतो, त्या सुटीतला.

दुपारची वेळ होती. स्टेशनवर दादा एकटाच उभा. त्यानं माझी बॅग खांद्यावर टाकली आणि चालायला लागला. तूर उभी होती, कापसाची बोंडं फुटली होती. आमचं वावर आलं. मग तो पुढे बघतच म्हणाला, "त्या जहाजाचं काय झालं मंग?"

मी सांगायला लागले. हातात रेकॉर्डर नव्हता, तरी सवयीनं मधे मधे थांबत होते. प्रत्येक ठिकाणी "हं" येत होतं. शेवटी गोळी सुटल्याचं सांगितलं.

"आधी बोलाचं ना मंग," दादा म्हणाला. "बंदूक कुठं पळून चालली होती?"

थोडं पुढे गेल्यावर त्यानं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. रुळाकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी मी तुही गाडी पाह्यली होती. डवऱ्यावरचा हात सोडला असता त बैलं बिचकले असते."

आणि थांबला. पुढे चालेना, पुढे बोलेना. जागा सोडून उभा राहिला होता.

मी म्हटलं, "हं."