मोटरीत टाकलेला दुपट्टा

सौंसरच्या पंचफुलाबाईचा नागपूरच्या मोटरीवर फार विश्वास; बशीला आम्ही मोटरच म्हणतो. तिची मोठी लेक जयश्री बोरगावच्या अलीकडे मोटरीतच झाली. ड्रायव्हरनं गाडी निंबाखाली उभी केली, गडीमाणसांना खाली उतरवलं, आणि पोर रडल्याचं ऐकूनच पुन्हा स्टेअरिंगला हात लावला. तेव्हापासून बाईचं एकच म्हणणं, "मोटर माणसासाठी थांबते जी."

आमच्याकडे ते खोटंही नव्हतं. सीटवर खांद्यावरचा दुपट्टा टाका आणि खुशाल चहा प्यायला जा. "हा दुपट्टा कोणाचा हो?" असं ओरडून कंडक्टर दुपट्टेवाल्याला बोलवायचा. तो चढल्याशिवाय घंटी नाही.

चौऱ्याऐंशी साली तिचा धाकटा भाऊ शालिकराम मुंबईहून विमानानं येणार, असा आळीभर गवगवा झाला. डोंबलाचं कौतुक! कामाला होता त्या सेठाच्या गोदामात अंगावर पेटी पडली, पोट फाडून शिवलं. टाके ओले. डॉक्टरनं रात्रभराची रेल्वे मना केली, आणि मुंबईत राहिला तर भरपाई मागेल म्हणून सेठानं त्याला हवेतून नागपुरात फेकला. सोनेगावच्या विमानतळावरून पुढं घरी कसा जाईल, हे विचारायची सेठाला गरज वाटली नाही. टॅक्सी आमच्या ऐपतीबाहेरची. उभं राहायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. म्हणजे शहराच्या बशीत बसायला जागा हवीच.

मी शेजारचा, म्हणून बाईनं मला सोबत नेलं. भांडायला माणूस पाहिजे म्हणून.

विमानतळाबाहेर सीताबर्डीची बस रिकामी उभी होती. बाई चढली, घरून आणलेला शालिकरामचा लाल दुपट्टा दारालगतच्या सीटवर पसरला आणि खाली उतरली.

"बाई, ही शहराची गाडी आहे. थांबायची नाही," मी म्हटलं.

"दुपट्टा टाकला ना मी!"

शालिकराम बाहेर आला तो पोट धरून, अर्धा वाकलेला. बाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि तेवढ्यात आमच्या डोळ्यांदेखत बस दुपट्टा घेऊन निघून गेली. मी मागं धावलो, शिव्या घातल्या. बाई मटकन खाली बसली.

"अशी कशी गेली? कपडा दिसला नाही काय त्याले?"

"ताई, मी विमानातून आलो, अन् तू मले पायी नेऊन राहिली," शालिकराम हसला. हसल्यानं टाके दुखले तसा कण्हला.

"चूप बस. हसू नको."

बऱ्याच वेळानं तीच बस फिरून आली. तोवर पाळी सुटलेले हमाल, चपराशी, झाडूवाले असा घोळका जमला होता. बस थांबायच्या आत सगळे दाराला झोंबले. मी कोपर मारत घुसलो आणि तसाच बाहेर फेकला गेलो. बाई भावापुढं हात पसरून उभी, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. गर्दी चढून झाली तेव्हा आत पाय ठेवायला जागा दिसेना. शालिकरामचा चेहरा पांढरा पडला होता. आता हा माणूस उभा राहून गेला, तर टाके सुटतील.

तेवढ्यात आतून कंडक्टर ओरडला, "लाल दुपट्टा कोणाचा हो? जाताना ओरडलो, येताना ओरडलो, अजून ओरडूनच राहिलो!"

दारालगतची ती सीट रिकामी होती. माणसं दांडीला लोंबकळत होती, पण दुपट्ट्यावर कोणी बसलं नव्हतं.

"वा रे वा!" एक ढेरपोट्या बाबू करवादला. "कपडा बसून चालला, अन् आमी उभे!"

"कपडा नाही जी, माझा भाऊ होय तो," पंचफुलाबाई चढता चढता म्हणाली. "यायले उशीर झाला, एवढंच."

बाबूनंच शालिकरामला दंडाला धरून वर घेतलं. तो बसला. बाई त्याच्यापुढं कुंपणासारखी उभी राहिली.

सीताबर्डीहून आम्ही धिम्या पावलांनी सौंसरच्या गाडीपाशी आलो. खिडकीतून माझी पिशवी टाकून मी जागा धरणार, तर बाईनं हात अडवला. दुपट्टा झटकला आणि मला दिला.

"हा टाका. याले सवय झाली आता."

शालिकराम नळावर सावकाश पाणी प्यायला. गाडी थांबली होती.