जावयाची गाडी आणि मामीची डोण

जावयाची गाडी मागून घेतली की माणूस दोन हातांनी स्टिअरिंग धरतो आणि उरलेल्या सगळ्या जिवानं तिचा रंग सांभाळतो. मे महिन्यातल्या एका पहाटे मी अवसरी बुद्रुकहून अशीच एक पांढरीशुभ्र गाडी घेऊन कोकणाकडं निघालो. शेजारी माझे मामा, मागं मामी आणि माझी बायको सुमन. मांडीवर भाकरी-ठेच्याचं गाठोडं घेऊन सुमन मला रस्त्यातला प्रत्येक खड्डा, तो मागं पडल्यावर, दाखवत होती.

या प्रवासाचं मूळ समुद्रात नव्हतं, आमच्या डिंभे धरणात होतं. मामांचं गाव त्या पाण्याखाली गेलं. तेव्हापासून मामा-मामी शेजारच्या अवसरी खुर्दला राहतात. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की बुडालेलं गाव वर येतं: घरांची जोती, देवळाच्या पायऱ्या, एखादा उंबरा. जुनी मंडळी नारळ घेऊन तिथं जाऊन येतात. मामीलाही जायचं असतं. तिच्या परड्यात एक डोण होती (गुरांना पाणी पाजायला दगडात कोरलेलं लांबट भांडं). लग्नात तिच्या वडलांनी बैलगाडीतून पाठवलेली. गाव सोडताना ती हलली नाही, म्हणून तिथंच राहिली. मामी दर मे महिन्यात म्हणते, "येकडाव हात लावून येऊ." आणि मामा दर मे महिन्यात म्हणतात, "त्या पान्याचं त्वांड बगायचं न्हाई मला." मामांना सोडून एकटं जायचं मामीच्या मनात येत नाही. यंदा तिचे गुडघे फार धरले होते. पुढच्या वर्षी चालवेल की नाही, असं ती सुमनला म्हणाली होती.

माझं पाण्याच्या मोटारींचं आणि ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. त्यामुळं पाण्याविषयीचा प्रत्येक प्रश्न आपल्यालाच विचारलेला आहे, असं मी धरून चालतो. मी म्हणालो, "मामी, पाणीच बघायचंय ना? मग बारकं कशाला? मोठं दाखवतो." सुमननं कपाळावर हात मारला. पण तोवर मी जावयाला फोन लावला होता.

नवल म्हणजे मामा तयार झाले. म्हणाले, "समिंदराशी आपलं भांडण न्हाई. वळक बी न्हाई. चला."

चाकणच्या ट्रकांच्या रांगेत सकाळ गेली. खंडाळ्याचा घाट उतरलो तशी हवा अंगाला चिकटायला लागली. पेणच्या पुढं खाडीकाठी मिठागर दिसलं. अर्धं पडीक, अर्ध्यात काम चालू. पडीक बाजूला जुन्या कोठाराच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर गेलेलं. चालू बाजूला चौकोनी वाफे आणि त्यांच्या काठाला मिठाचे ढीग, उन्हात डोळे दिपवणारे. खाडीचं पाणी एका लाकडी फळीच्या दारातून आत घेतात, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवतात आणि आटवतात. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"ही आमची चारीच की!" (चारी म्हणजे कालव्यातून शेतात पाणी नेणारा लहान पाट.) मी तिथल्या माणसाला म्हणालो. "फक्त आम्ही पाणी पिकाला देतो, तुम्ही उन्हाला देता."

तो हसला. म्हणाला, "आज पुनव हाय. उधानाचं पानी येनार. बंदरावर जाल तं जरा बगून."

त्याचं हे वाक्य चालू असताना मी त्याला पीव्हीसी पाइपाचे फायदे सांगत होतो. असो. मामीनं विचारून मूठभर मीठ घेतलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. मामा गाडीतच बसून राहिले, मिठागराकडं पाठ करून.

दुपारी चौलला पोचलो. चौल म्हणजे सावलीत ठेवलेलं गाव. रस्ता बोळासारखा, दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि आत नारळी-पोफळीच्या वाड्या. पोफळी इतक्या सरळ आणि दाट की ऊन जमिनीपर्यंत येता येता हिरवं होतं. एका वाडीत काकूंकडं घरगुती राहायची सोय होती. त्यांनी कोकमाचं सरबत दिलं, वाल घातलेली वांग्याची भाजी आणि तांदळाची भाकरी वाढली. आमच्या बाजरीच्या भाकरीपुढं ती भाकरी नुकतीच शाळेत जाऊ लागल्यासारखी दिसत होती. मामीनं ठेच्याचा डबा पुढं केला. काकूंनी बोटभर चाखला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेतला.

जेवणानंतर काकूंनी वाडी दाखवली. विहिरीवर जुना रहाट होता, मोटर आल्यापासून थांबलेला. त्याच्या चाकावर आता मिरीचा वेल चढवलाय. मागच्या पडवीत खोबऱ्याचं तेल काढायचा लाकडी घाणा होता.

"वापरात नाही, मग ठेवलाय कशाला?" मी विचारलं.

"सासूबाई यावर बसून पोफळं सोलायच्या," काकू म्हणाल्या. "आता मी बसते. घाण्याला काय, कोणीतरी बसल्याशी कारण."

मामी त्या घाण्याच्या काठावरून हात फिरवत राहिली. मामांनी ते पाहिलं आणि उगाचच पोफळींचे शेंडे बघायला लागले.

उन्हं कलल्यावर रेवदंड्याला गेलो. पोर्तुगीजांच्या काळचा तट, त्यातून फुटलेली वडाची मुळं आणि खाली खाडीचं बंदर. बंदरात पाणी नव्हतं. दूर मधोमध एक पट्टा चमकत होता आणि अलीकडं सगळी ओली, घट्ट वाळू. तिच्यात होड्या कुशीवर कलंडून पडलेल्या. पाहता क्षणी मला सगळा इतिहास कळला.

"गाळानं भरलं बंदर," मी जाहीर केलं. "होड्या टाकून दिल्यात बघा. आपल्या धरणाचंही एक दिवस असंच होणार."

आमच्याकडं उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की उघड्या जमिनीवर टेम्पो, ट्रॅक्टर, वऱ्हाडाच्या जीपासुद्धा खुशाल उभ्या राहतात. उतरलेलं पाणी पाऊस लागेपर्यंत वर येत नाही, हे आमच्या तालुक्यात शाळेत शिकवावं लागत नाही. मी जावयाची गाडी उतारावरून अलगद खाली घेतली आणि एका मोठ्या होडीच्या सावलीत लावली. रंगाला ऊन लागायला नको! मामीचे गुडघे दुखत होते. ती म्हणाली, "तुमी जा. मी हितंच पडते." काचा खाली करून ती मागच्या सीटवर आडवी झाली. आम्ही तिघं तटावर चढलो.

वर वारा छान होता. मामा खाडीकडं पाठ करून एका दगडावर बसले. मी त्यांना सांगायला लागलो, की जुन्या काळी देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून नाणेघाट उतरायचा आणि कोकणच्या बंदरांतून जहाजात चढायचा. आपल्या जुन्नरचा माल पार दर्यापार जायचा.

"म्हंजी आपन हितं पावनं न्हाई," मामा म्हणाले. "जुनं गिऱ्हाईक. सांग त्या चौलच्या काकूला, भाकरी मोठी थाप म्हनावं."

सुमन हसत होती. तेवढ्यात खालून आवाज आला. डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीणबाई हात हलवून ओरडत होती.

"ओ दादा! ती सफेद गारी कोनाची? (गारी म्हणजे गाडी.) पानी आयलं ना!"

मी खाली पाहिलं. टाकून दिलेल्या होड्या सरळ उभ्या राहत होत्या. एकेक करून, झोपेतून उठल्यासारख्या. आणि जावयाच्या गाडीच्या चारही चाकांभोवती पाणी होतं.

मला आधी रंग आठवला, मग मामी. हा क्रम लिहिताना लाज वाटते, पण तो तसाच होता. मी धावलो, उतारावर घसरलो आणि बसक्या अवस्थेतच बराचसा उतार पार केला. उठून पाहतो तर माझ्या पुढं मामा. सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतराचा सोगा हातात, पायात चपला नाहीत. त्यांनी पाण्याकडं पाहिलंही नाही. सरळ आत शिरले. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. खिडकीशी पोचून त्यांनी आत हात घातला.

"अगं ए! ऊठ!"

मामी उठून बसली. बाहेर पाहिलं, पाण्यात उभ्या नवऱ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "इतकी वरसं बोलावलं तर आला न्हाईत. आन् आता आलाव व्हय पान्यात?"

मामांनी दार उघडून तिला आधार दिला आणि दोघं एकमेकांना धरून वाळूवर आले.

गाडी काढायला सगळं बंदर जमा झालं. कुणी चाकांखाली झावळ्या घातल्या, कुणी दोर बांधला, सगळ्यांनी मिळून ढकललं. मी स्टिअरिंगवर होतो, म्हणजे सगळ्यात कमी उपयोगाच्या जागी. गाडी उतारावर आली तेव्हा टाळ्या पडल्या. एक तरुण कोळी म्हणाला, "दादा, गारी नांगरून तरी ठेवायची!" मी त्या सगळ्यांना चहा पाजला. त्यांनी मला पाण्याविषयी भरपूर सल्ले दिले, आणि मी ते आयुष्यात पहिल्यांदा मुकाट्यानं ऐकले.

मामीनं पदराची गाठ सोडली. ते मीठ मामांवरून ओवाळलं, मग गाडीवरून, आणि खाडीत टाकलं.

मामा त्या कोळीणबाईपाशी उभे होते.

"आता ह्ये जायाचं कदी?" त्यांनी विचारलं.

"ह्ये पानी? राती जाईल. दुपारी परत येल."

"आन् मंग?"

"मंग परत जाईल. रोज दोनदा. तुमच्याकरं नाय असं?"

"आमच्याकडं यक डाव आलं," मामा म्हणाले. "वरसाला जरा मागं सरतं. पन आमीच न्हाई गेलो बगाया."

बाईला ते कळलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "जावं ना मंग. ते सरतं ते काय उगाच?" आणि टोपली उचलून निघून गेली.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा मामा म्हणाले, "जरा बंदरावरनं घे." ओहोटी होती. होड्या पुन्हा कुशीवर निजलेल्या. आमची गाडी जिथं होती तिथं चाकांची एकही खूण उरली नव्हती. मामा खाली उतरले, वाळूवर थोडं चालून आले. या खेपेला पाण्याकडं तोंड करून. मी गाडी वर, डांबरी रस्त्यावर ठेवली होती. इंजिन चालू.

परतीच्या वाटेवर मंचरच्या चौकात मी सवयीनं उजवा दिवा लावला. घरचा रस्ता तिकडंच.

"डावीकडं घे," मामा म्हणाले.

"मामा, अवसरी उजवीकडं."

"मला शिकवतो व्हय? डावीकडं घे."

आरशात मी मागं पाहिलं. मामी खिडकीबाहेर बघत होती, तोंडावर पदर धरून. सुमन मला म्हणाली, "अहो, सांगतायत तसं करा ना."

घोडेगाव मागं पडलं. डिंभ्याच्या वरच्या अंगाला रस्ता पाण्याच्या कडेनं वळतो, तिथून खाली पाहिलं. डोंगर उघडे, पाणी पार तळाला गेलेलं, आणि मधे भेगाळलेली तपकिरी जमीन. तिच्यावर चार-दोन गुरं आणि एक टेम्पो. मी गाडी वरच, रस्त्याच्या कडेला थांबवली. हँडब्रेक ओढला. उतरून मागच्या चाकाला दगड लावला. आणखी एक लावला.

मामांनी दगडांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ह्ये काय?"

"नको मामा. पाण्याचा काही भरवसा नाही."

"आरं लेका, ह्ये आपलं पानी हाय," मामा म्हणाले. "पाऊस पडंस्तवर न्हाई यायचं. तुजी मामी कुटवर चालंल? आन गाडी खाली."

आपलं पाणी. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. दगड काढले आणि गाडी उतरवली. मामा पुढं चालत होते आणि मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागून. नुसत्या गाळात मला काही दिसत नव्हतं, पण ते एका ठिकाणी वळले, पुढं पुन्हा वळले. तिथं गल्ली असणार. एका जोत्याशी थांबून त्यांनी हात वर केला.

डोण होती. काठापर्यंत गाळानं भरलेली, एक कोपरा टवका उडालेला. मामी तिच्याशेजारी बसली, गुडघे विसरून. रडेल असं मला वाटलं होतं. तिनं चौलहून आणलेली नारळाची करवंटी पिशवीतून काढली आणि गाळ उपसायला लागली. सुमनही बसली. मी जावयाच्या गाडीतलं पायपुसणं काढून त्यावर गाळ भरून टाकत राहिलो.

डोण रिकामी झाली तशी मामी म्हणाली, "धुवाया पानी पायजे." मी गाडीतली पिण्याच्या पाण्याची बाटली ओतली. दगडानं ती पिऊन टाकली. मग मामांनी डिकीतला रिकामा कॅन उचलला. खाली, जिथं पाणी होतं, तिकडं ते चालत गेले. धोतर सावरून आत उतरले, वाकून कॅन भरला आणि तेवढंच अंतर परत चढून आले. पाणी डोणीत ओतलं. तळ जेमतेम झाकला.

मामीनं त्यात हात बुडवला. वर न बघता म्हणाली, "आनी यक खेप आना."

मामा पुन्हा निघाले. मी उठलो, तर सुमननं माझा हात धरून खाली बसवलं. डोण काठोकाठ भरेपर्यंत ते येत-जात राहिले, आणि मामी प्रत्येक खेपेला "आनी यक" म्हणत राहिली. शेवटी चरणाऱ्या गुरांतली एक गाय आली आणि आम्हाला न विचारता प्यायला लागली.

गाडी मी धुऊन परत दिली. तरी जावयाला सीटखाली वाळू आणि गाळ दोन्ही सापडलंच. "सासरेबुवा, नक्की गेला होता कुठं?" त्यानं विचारलं. मोठं पाणी दाखवायला म्हणून मी मामीला घेऊन निघालो होतो. तिला फक्त तिच्या डोणीपुरतं पाणी हवं होतं, आणि ते आणणारा माणूस.

परवा मामा दुकानात आले. कधी नव्हे ते बादल्या बघायला लागले. वाजवून, कड्या ओढून एक मोठी निवडली.

"पुढल्या मे महिन्याला लागंल," म्हणाले.

"मामा, मे महिन्याला अजून किती अवकाश आहे!"

"असू दी. तवर मामीच्या धुण्याला व्हईल."